चोळमंडल कलाग्राम : सामूहिक चित्रशाळा आणि तिचे खुले दार

चित्रकाराची कार्यशाळा ही त्याची खाजगी जागा. रसिकाने चित्र पाहावे ते प्रदर्शनदालनात, असा सर्वसाधारण समज आहे. त्याला छेद देणारी स्वातंत्र्योत्तर काळातील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत : मुंबईतील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट आणि मद्रासजवळील (आजचे चेन्नई) चोळमंडल कलाग्राम. पहिली संस्था आज अस्तित्वात नाही, दुसरी आहे. या फरकाचे कारण कलेच्या गुणवत्तेत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ते बव्हंशी जमिनीच्या मालकीत सापडते.

आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावाची बाजू मांडणाऱ्या भुलाभाई देसाई यांच्या वॉर्डन रोडवरील बंगल्यात इन्स्टिट्यूट चालत असे. एम. एफ. हुसेन, वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार तेथे नाममात्र भाड्याने काम करीत. इब्राहिम अल्काझींचे नाट्यकार्य, रविशंकरांचे संगीतविद्यालय, ‘रंगायन’चे प्रयोग यांनाही तेथेच आसरा मिळाला. मात्र वास्तू कलावंतांची नव्हती. पुढे ती पाडण्यात आली व त्या जागी बहुमजली इमारत उभी राहिली.

चोळमंडलची मांडणी मुळातच वेगळी होती. मद्रासच्या शासकीय कला व हस्तव्यवसाय महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांच्यापुढील प्रश्न व्यवहाराचा होता : शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने चित्रे काढून जगावे कसे? चित्र विकत घेणारा वर्ग तुटपुंजा होता. बाटिकचे कापड, धातूच्या व मातीच्या वस्तू मात्र खपत. तेव्हा कलावंतांनी हस्तव्यवसायासाठी संघटना स्थापन केली आणि विक्रीच्या उत्पन्नातून १९६६ मध्ये इंजंबाक्कम येथे समुद्रालगतची आठ-दहा एकर वालुकामय जमीन घेतली. त्या जमिनीवर त्यांनी आपापली घरे व कार्यशाळा उभारल्या. म्हणजे ग्राहक हा या कलाग्रामाचा पायाच होता. दार खुले ठेवणे ही काही रसिकांवर केलेली मेहेरबानी नव्हे.

हस्तव्यवसायाने कलेचा कस उतरतो, हा आक्षेप येथे टिकत नाही. एस. नंदगोपाल यांची तांबे, पितळ व मीनाकाम यांतून घडलेली शिल्पे पाहिली म्हणजे कारागिरीनेच कलेला नवी भाषा पुरविल्याचे ध्यानात येते. जे. सुलतान अली यांच्यासारखे चित्रकारही याच परिसरात स्थायिक झाले. खुला रंगमंच, शिल्पोद्यान आणि २००९ मध्ये सुरू झालेले, मद्रास कलाचळवळीला वाहिलेले संग्रहालय अशी येथील सार्वजनिक जागा क्रमाने वाढत गेली.

सार्वजनिक जागेची ही वाढ प्रत्यक्ष कार्यशाळांना लागू पडेलच असे नाही. दालनात कोणीही जाऊ शकतो. चित्रकाराच्या घराचे दार त्याच्या मर्जीनेच उघडते. शिवाय एकेकाळचा हा ओसाड किनारा आता महाबलीपुरमकडे जाणाऱ्या वर्दळीच्या रस्त्यावर आला आहे. पहिल्या पिढीतील अनेक जण आज हयात नाहीत. घर वारसाकडे जाते, पण वारस चित्रकार असेलच असे नाही; आणि तसा तो नसल्यास त्या घरातील कार्यशाळेचे काय करायचे, हा प्रश्न मालकीहक्काने सुटणारा नाही.