न पाहिलेल्या खडकाचे नामकरण

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा नोंदविल्यावाचून मिळकतीची ओळख जशी पुरी होत नाही, तशीच भूगर्भातील स्तरित खडकांचीही गोष्ट आहे. मात्र त्यांच्या मुख्य सीमा वर आणि खाली असतात, आणि त्या डोळ्यांनी पाहून येणे कोणासही शक्य नसते.

मुंबईच्या पश्चिमेस, जेथे १९७४ साली ‘सागर सम्राट’ या छिद्रण-नौकेने मुंबई हाय क्षेत्रातले तेल शोधून काढले, त्या समुद्रतळाखाली दख्खनच्या काळ्या पाषाणावर वालुकाश्म, शेल व कोळसा यांचा ‘पन्ना’ शैलसमूह आणि त्यावर इओसीन काळातील चुनखडकाचा ‘बॅसीन’, म्हणजे आपल्या वसईच्या नावाचा, शैलसमूह पसरलेला आहे. शैलसमूहास स्थलनाम द्यावे असा शास्त्राचा दंडक; परंतु समुद्रात गाव कोठून आणावे? म्हणून अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, माहीम ही किनाऱ्यावरची परिचित नावे त्या अदृष्ट थरांना मिळाली.

नावाहून वर्णन कठीण. तेलविहीर खणताना छिद्रकाच्या दातांनी भरडलेला खडक विहिरीत खेळविलेल्या चिखलाबरोबर वर येतो खरा, पण वाटेत वरच्या थरांचे ढासळलेले तुकडेही त्यात मिसळतात. यामुळे एखादा खडक खाली जाताना प्रथम कोठे भेटला, ही साक्ष बरीच विश्वसनीय, तर तो कोठे संपला, ही साक्ष संशयास्पद ठरते. हा संशय फेडण्यास विहिरीत उपकरणे सोडून घेतलेले आलेख उपयोगी पडतात. १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जे बंधूंच्या पद्धतीने असा पहिला विद्युत-आलेख घेण्यात आला. पुढे गॅमा किरणांची मोजणीही आली. पोटॅशियम व थोरियम बाळगणारा शेल तीत सामान्यतः ठळक उमटतो, शुद्ध चुनखडक मंद राहतो, आणि दोहोंची हद्द कागदावर स्पष्ट होते.

इतके झाल्यावर एक विहीर प्रमाण म्हणून मुक्रर करावयाची. तिचे स्थान, शैलसमूहाच्या माथ्याची व तळाची खोली, खडकाचे स्वरूप आणि जीवाश्म नमूद करावयाचे, आणि आलेखांसह खडकाचे नमुने जतन करावयाचे. या शेवटच्या कलमाचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. डोंगरातल्या खडकाबद्दल शंका आली तर कोणीही हातोडी घेऊन तेथे जाऊ शकतो. समुद्राखालच्या खडकाबद्दल शंका घेणाऱ्यास मात्र दप्तरात सांभाळलेली ती मूठभर भरड हीच काय ती जागा उरते. म्हणून नाव देणाऱ्याने आपल्या निर्णयाबरोबर तो खोडून काढण्याचे साधनही पुढच्या पिढीच्या हवाली केले पाहिजे.