पंपाची घरघर

नाटे बंदरांत पहांटे मासेमारीच्या लाँच सुटतांना पाहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानांत येते. एंजिन सुरू झालें कीं लाँचेच्या कुशींतून पाण्याची धार बाहेर पडूं लागते. तें समुद्राचेंच पाणी असतें. पंप तें आंत ओढतो, तापलेल्या एंजिनाला त्याच्या योगें थंड करितो, आणि उष्णता घेऊन तें पुन्हां समुद्रांत जातें. ही धार बंद पडली तर तांडेल एंजिन थांबवितो. पुढें काय व्हावयाचें हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

हीच युक्ति हल्लीं संगणकासही लावितात. संगणकाचा प्रोसेसर काम करूं लागला म्हणजे विजेच्या दिव्याप्रमाणें तापतो. साधारणतः पंख्यानें वारा घालून त्यास थंड करितात. परंतु तितक्याच आकारमानाचें पाणी हवेपेक्षां सुमारें साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊं शकतें. म्हणून प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवून त्यांतून पाणी खेळवितात. तें पाणी पुढें रेडिएटरमध्यें निवतें व पुन्हां फिरून येतें. पुणें येथें आयसर या संस्थेंत सी-डॅकनें उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांतही पाणी असेंच थेट तापणाऱ्या भागापर्यंत नेण्याची योजना केलेली आहे. पाणी मुकें असतें हें खरें, पण तें फिरविणारा पंप मुका नसतो. महासंगणकाच्या खोलीखालीं कोणी खाट टाकून निजत नाहीं, म्हणून तेथें हा प्रश्न इतका जाचत नाहीं. घरांत जाचतो.

गेल्या मे महिन्याच्या सुटींत मी नाटे येथें गेलों होतों. तेथें माझा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या एका धंद्यासाठीं हालतीं चित्रें तयार करून देतो. एकेका चित्रमालिकेचें गणित संगणकास रात्रभर करावें लागतें. कोंकणच्या उकाड्यांत पंखे अपुरे पडूं लागले, तेव्हां त्यानें स्वतः खटपट करून पाण्याची योजना जुळविली. उष्णतेचा प्रश्न सुटला. पण संगणक होता माळ्यावर, आणि माळ्याखालीं माजघरांत त्याच्या मातोश्री निजत. वय सत्तरीच्या पुढें, पाठीच्या दुखण्यामुळें झोप आधींच थोडी. “मास्तर, रात्रभर डोक्यावर कोणी जातें ओढतें आहे असें वाटतें,” असें त्या मला म्हणाल्या. मुलगा संगणक विकून मुंबईस नोकरी शोधण्याच्या विचारांत होता. म्हणजे मातोश्रींस त्या घरांत एकटें राहणें आलें.

मी माळ्यावर जाऊन पेटीपाशीं बसलों, तों आवाज अगदींच बेताचा. खालीं येऊन खाटेवर टेकलों, तर खरोखरच जातें! यंत्राजवळ कमी आणि यंत्रापासून दूर अधिक, हें कोडें ज्यास उलगडलें त्यास या विषयाचा निम्मा भाग समजला.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंतील नादकांटा आठवा. तो ठोकून हवेंत धरिला तर कानाशीं नेल्यावांचून ऐकूं येत नाहीं. त्याचा दांडा मेजावर टेकला कीं सर्व वर्गास ऐकूं येतो. कांटा तोच, ठोकाही तोच. पण कांट्याचे बारीक हात हवेस फारसें ढकलूं शकत नाहींत, मेजाची रुंद फळी ढकलूं शकते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यास भोपळा लावितात तो याचसाठीं. आमच्या या घरीं पंप हा नादकांटा होता व माळ्याच्या जुन्या सागवानी फळ्या हा भोपळा. पंप मुठीएवढा, स्क्रूनें पेटीच्या पत्र्यास घट्ट बांधलेला, पेटी फळ्यांवर, फळ्या तुळयांवर. मातोश्री त्या भोपळ्याच्या पोटांत निजत होत्या.

मुलानें पूर्वीं तीन उपाय करून पाहिले होते आणि तिन्ही शिकण्यासारखे आहेत. प्रथम त्यानें स्क्रू अधिक आवळले. सैल भाग खडखडत असेल तर याचा उपयोग होतो. पण घरघर घट्ट सांध्यांतूनच अधिक चांगली वाहते. मग त्यानें नळाच्या कामाचे कठीण रबरी वॉशर पंपाखालीं घातले. फरक थोडा पडला. शेवटीं त्यानें पंपाची गति मिनिटास ४८०० फेऱ्यांवरून ३००० वर आणिली, तों आवाज कमी होण्याऐवजीं दुणावला! बिचारा येथेंच थकला.

याचें कारण ओटीवरच्या झोपाळ्यास विचारावें. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीनें हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. तोच झोपाळा सेकंदास दहा वेळां मागेंपुढें ढकलूं लागल्यास जवळजवळ जागचा हालत नाहीं. रबरावर ठेविलेला पंप हाही असाच एक झोपाळा होय. त्याची लय भाराखालीं रबर किती दबतें यावर अवलंबून असते. दाब मिलिमीटरमध्यें मोजून त्याचें वर्गमूळ काढावें व १५.८ यास त्यानें भागावें, म्हणजे सेकंदास किती कंप हें निघतें. मुलाचे कठीण वॉशर फार तर मिलिमीटरचा दहावा भाग दबले असतील. म्हणजे लय सेकंदास सुमारें ५०. आणि मिनिटास ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदास नेमक्या ५०! मुलगा नकळत झोपाळ्यास त्याच्याच लयीनें झोंके देत होता.

तेव्हां उपाय उलट दिशेचा. आधार इतका मऊ हवा कीं त्याची लय पंपाच्या गतीच्या बरीच खालीं राहील. दोहोंचें प्रमाण १.४ च्या वर गेल्यावांचून लाभाचा प्रारंभच होत नाहीं. तें पांचपट झालें तर कंपाचा जेमतेम चोविसावा हिस्सा खालीं पोंचतो. पण पंपाचें वजन पाऊण शेरही नव्हतें. इतक्या हलक्या वस्तूखालीं स्पंज पुरेसा दबत नाहीं. म्हणून आम्हीं पंप पत्र्यावरून सोडविला, स्वयंपाकघराच्या ओट्यांतून उरलेल्या कडप्प्याच्या दोन किलोंच्या तुकड्यावर बसविला, आणि तो तुकडा खुर्चीच्या गादींतील स्पंजावर ठेविला. स्पंज चार मिलिमीटर दबला. लय सेकंदास आठ आली. पंप मिनिटास २४०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदास ४० वर ठेविला. मोठ्या इमारतींत पंपाखालीं काँक्रीटचा जड ठोकळा व त्याखालीं स्प्रिंगा घालितात, त्याचीच ही गरिबाघरची आवृत्ति. जड दगडानें आणखी एक काम साधतें: तितक्याच धक्क्यानें तो हालतो कमी.

एवढें करून मी मोठ्या अभिमानानें खालीं गेलों. घरघर होतीच! कमी झाली होती, पण चोविसावा हिस्सा म्हणावी अशी मुळींच नव्हती. माझ्या गणिताकडे मातोश्रींनीं ज्या नजरेनें पाहिलें ती मी विसरणार नाहीं.

चूक गणिताची नव्हती, माझ्या पाहण्याची होती. शोभेसाठीं मुलानें कांचेसारख्या कठीण ॲक्रिलिकच्या नळ्या घातल्या होत्या. पंप खालून मोकळा झाला, पण नळ्यांच्या वाटेनें पेटीस बांधलेलाच राहिला. दार लावून खिडकी उघडी टाकावी तसें झालें. पंपाच्या दोन्ही तोंडांशीं वीतभर मऊ रबरी नळी सैल वळण देऊन जोडली, विजेची तारही ताणलेली होती ती सैल केली, आणि त्या क्षणीं माजघर शांत झालें. जेथें स्क्रू ठेवणें भागच असेल तेथें वॉशर डोक्याखालींही घालावा, नाहीं तर स्क्रूच धातूस धातूशीं जोडतो. आणि तो रबर चिरडेपर्यंत पिळूं नये.

गति कमी केल्यानें यंत्र तापेल ही भीति बहुतेकांस असते. समजा २०० वॅट उष्णता आहे व मिनिटास ४ लिटर पाणी वाहतें. इतक्या पाण्याचें तपमान ठोकळ्यांतून जातांना अवघा पाऊण अंश चढतें. प्रवाह निम्मा केला तर दीड अंश. पाऊण अंशासाठीं कोणाची झोप मोडणें योग्य नव्हे. शिवाय पंपास लागणारी शक्ति गतीच्या घनाप्रमाणें कमी होते. गति पांचवा हिस्सा घटविली कीं शक्ति जवळजवळ निम्मी पुरते.

एक आवाज मात्र या कोणत्याच उपायानें जात नाहीं, तो बुडबुड्यांचा. पंपांत हवा अडकली कीं तो खुळखुळतो. टाकी पंपाच्या वर ठेवावी, पाणी भरतांना पेटी हळूहळू दोन्ही बाजूंस कलती करून हवा वर येऊं द्यावी, आणि पंप कधींही कोरडा चालवूं नये. त्याच्या चाकास पाणी हेंच वंगण आहे. आवाज कोणता हें ओळखण्याची खूण सोपी आहे. पंप हातांत उचलून धरावा. घरघर थांबली तर ती आधारांतून जात होती. खुळखुळ तशीच राहिली तर हवा.

संगणक अद्याप माळ्यावरच आहे व मुलगाही घरींच आहे. समुद्राकांठच्या दमट हवेनें स्पंज कालांतरानें चुरतो व दबून बसतो, म्हणून दर वर्षीं गणपतीपूर्वीं घर झाडतांना तो बदलावा असें मीं त्यास सांगितलें आहे. गेल्या पत्रांत त्यानें कळविलें कीं मातोश्रींस आतां शेजारच्या विहिरीवरील पंपाचा आवाज ऐकूं येऊं लागला आहे, आणि पुढील सुटींत मास्तरांनीं येतांना थोडा कडप्पा आणावा अशी त्यांची इच्छा आहे.