विश्लेषण : सांडपाण्यासाठीचे ‘हायपो’ लिटरने घ्यायचे की किलोने?

पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमा असा प्रवास करत उजनी धरणात पोहोचते. त्याच उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. त्यामुळे नदीकाठच्या कोणत्याही शहरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात शेवटच्या टप्प्यावर किती क्लोरीन पडते, हा प्रश्न तिथल्या अभियंत्यांपुरता राहत नाही. त्याचे उत्तर बरेचदा खरेदीच्या निविदेत दडलेले असते.

निर्जंतुकीकरण कशासाठी?

जैविक प्रक्रियेनंतर सांडपाणी नितळ दिसते, पण विष्ठेतून आलेले जिवाणू त्यात उरतात. ऑक्टोबर २०१७च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रक्रिया केलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणू १,०००पेक्षा कमी हवेत. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९मध्ये ही मर्यादा २३०पर्यंत आणण्याचा आदेश दिला. त्यासाठी पाण्यात क्लोरीन मिसळून ते साधारण अर्धा तास संपर्क टाकीत ठेवतात.

वायू, पावडर की द्रावण?

क्लोरीन वायू स्वस्त, पण ९०० किलोचा टनर वस्तीजवळ ठेवणे जोखमीचे. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळ जुन्या सिलिंडरमधून गळती झाली, तेव्हा शंभरहून अधिक जणांना बाधा झाली होती. ब्लीचिंग पावडर लहान केंद्रांत चालते, मात्र चुन्याचा गाळ साचतो. म्हणून अनेक ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे बोलीभाषेतले ‘हायपो’ वापरतात. ते पंपाने थेंब थेंब सोडता येते, हाताळायलाही सोपे.

मग गोम कुठे आहे?

हायपो टिकत नाही. दुधासारखे ते एका दिवसात नासत नाही इतकेच. ताज्या द्रावणात १० ते १२ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. ऊन, उष्णता आणि लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश यामुळे ते घटत जाते. तापमान १० अंशांनी वाढले, की विघटनाचा वेग तिपटीहून अधिक होतो. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या टाकीत काय होत असेल, याची कल्पना करता येईल. वरून पाहता द्रावण तसेच पिवळसर दिसते आणि टाकीतली पातळीही तेवढीच असते.

उदाहरण घेऊ. रोज २ कोटी लिटर सांडपाणी, लिटरला ५ मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे दिवसाला १०० किलो क्लोरीन हवे. लिटरमागे १२० ग्रॅम क्लोरीन असलेले हायपो त्यासाठी सुमारे ८३३ लिटर लागते. तेच ८० ग्रॅमवर आले आणि पंपाची मात्रा बदलली नाही, तर जेमतेम ६७ किलो पडते. नोंदवहीत मात्र ‘८३३ लिटर वापरले’ असेच लिहिले जाते.

स्वस्त निविदा महाग कशी पडते?

समजा, एका पुरवठादाराचा दर लिटरला १२ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपये आहे. लिटरवर निविदा असेल तर दुसरा जिंकणार. पण पहिल्याचा माल १२० ग्रॅमचा आणि दुसऱ्याचा ८० ग्रॅमचा असेल, तर एक किलो क्लोरीन अनुक्रमे १०० आणि १२५ रुपयांना पडते. म्हणूनच दर उपलब्ध क्लोरीनच्या किलोवर मागवणे आणि बिलही त्याच हिशेबाने देणे शहाणपणाचे. हायपोसाठी आयएस ११६७३ हे भारतीय मानक आहे, पण निविदेत नुसता त्याचा क्रमांक टाकून भागत नाही. उत्पादनाची तारीख आणि माल उतरवताना किमान किती टक्के क्लोरीन हवे, हेही लिहावे लागते.

टँकर आल्यावरची चाचणी अवघड नाही. नमुन्यात पोटॅशियम आयोडाइड व आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे. स्टार्चचा निळा रंग गेला की आकडा मिळतो. काम काही मिनिटांचे.

दोष नेहमी पुरवठादाराचाच असतो असेही नाही. सहा महिन्यांचा साठा एकदम मागवून तो उन्हात ठेवला, तर उत्तम मालही फुकट जातो. आठ-पंधरा दिवसांच्या खेपा, सावलीतली टाकी आणि आधी आलेला माल आधी वापरणे, एवढ्याने बराच फरक पडतो. शिवाय जैविक प्रक्रियेत अमोनिया उरला असेल तर तोच क्लोरीन खातो. अशा वेळी मात्रा नुसती वाढवत नेली, तर उरलेले क्लोरीन नदीतल्या माशांच्या जिवावर उठते. ते काढायला मग सोडियम बायसल्फाइट लागते, आणि त्याची वेगळी निविदा.