वजनकाट्यावर पेठेचा पोरगा

कोल्हापुरात माणसाचं वजन नजरेनं काढतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ग्लास धरून उभा असलेला जुना माणूस समोरून जाणाऱ्या पोराची मान, खांदा, मांडी बघतो आणि सांगतो, ‘ऐंशीला आलाय, अजून भरंल.’ अंदाज सहसा फार चुकत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं, आणि या गावाचा डोळा शंभर वर्षं अंगं बघत तयार झाला. पण त्या डोळ्याला कळतं ते पैलवानाचं अंग.

कुस्तीत किलोचा हिशेब उघड असतो. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात उतरले आणि ब्राँझपदक घेऊन परतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटची अंतिम लढत १०० ग्रॅम जास्तीच्या वजनानं गेली, तेव्हा त्याचा अर्थ कोल्हापूरकरांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

फुटबॉलला वजनगट नाहीत. तरीही व्यावसायिक संघाच्या दारात पोरगा उभा राहतो तेव्हा पहिल्यांदा त्याला काट्यावरच चढवतात, आणि तिथं कोल्हापूरच्या नजरेचा अंदाज कामाला येत नाही.

हे गाव फुटबॉलवेडं आहे हे नव्यानं सांगायला नको. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी... शाहू स्टेडियमवर पेठांच्या या संघांची गाठ पडते तेव्हा मंगळवार पेठेतली आणि शिवाजी पेठेतली अर्धी दुकानं मनानं तरी बंद असतात. देशातल्या बहुतेक शहरांत फुटबॉल शाळा-कॉलेजातून किंवा कंपन्यांच्या संघांतून आला. इथं तो तालमींच्या नावानं वाढला. माझं म्हणणं एवढंच की तालमीनं फुटबॉलला नाव दिलं, रंग दिला, ईर्षा दिली. वस्ताद मात्र दिला नाही. पहाटेची मेहनत, जोर-बैठकांचा चढता आकडा, खुराकावर नजर, पठ्ठ्याला तालमीतच झोपवायची शिस्त ही सगळी व्यवस्था लाल मातीतच राहिली. फुटबॉलच्या पोराला मिळाली ती जर्सी आणि पाठीशी हजारोंची गर्दी.

नव्या खेळाडूंच्या वजनाचा तमाशा कसा होतो ते पाहायचं तर अमेरिकेकडं बघावं. त्यांचा फुटबॉल वेगळा, पण निवडीची रीत शिकण्यासारखी आहे. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात दरवर्षी कॉलेजचे निवडक खेळाडू गोळा होतात. संघांच्या माणसांसमोर त्यांची उंची-वजनं घेतात, ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर पळवतात, १०२ किलोची बार छातीवरून किती वेळा उचलली जाते ते मोजतात. मग ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं खेळाडू उचलतात. कायलर मरे हा बुटका क्वार्टरबॅक कॉलेजच्या यादीत १९५ पौंडांचा होता. २०१९ मध्ये काट्यावर तो २०७ भरला, म्हणजे सुमारे ९४ किलो. संघांना त्याच्या ठेंगणेपणाची धास्ती होती, ती त्यानं वजनानं कमी केली. तिथं तो पळलाच नाही, आणि तरी पहिल्या क्रमांकाला उचलला गेला. उलट २००० साली टॉम ब्रॅडीचं अंग बघून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याचा नंबर १९९ वा लागला. पुढं त्यानं सात विजेतेपदं मिळवली. काटा खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असू शकतो.

आपल्याकडंही ड्राफ्ट होऊन गेला. इंडियन सुपर लीग सुरू होताना, २०१४ च्या जुलैत मुंबईत सहा संघांनी प्रत्येकी १४ असे ८४ भारतीय खेळाडू निवडले. २३ जुलै २०१७ ला पुन्हा मुंबईतच दहा संघ बसले. जमशेदपूरनं अनस एडथोडिकाला १ कोटी १० लाखांना पहिला उचलला. त्या व्यासपीठावर वजनकाटा नव्हता. यादीत नाव, नावापुढं ठरलेली किंमत आणि संघांची पाळी. त्यानंतर ही पद्धत बंदच झाली. आता थेट करार होतात, अकादमीतून पोरं वर येतात, नाहीतर ट्रायल होतात. कोल्हापूरच्या पोराचा ड्राफ्ट म्हणजे ही ट्रायल.

ट्रायलला नुसता चेंडू खेळवत नाहीत. उंची आणि वजन घेतात. चिमट्यानं दंडाची, पाठीची, पोटाची कातडी धरून चरबी मोजतात. दहा आणि तीस मीटर पळवतात, आणि यो-यो घेतात. यो-योचं नाव मराठी वाचकाला क्रिकेटमुळं माहीत झालं. २०१८ मध्ये मोहम्मद शमी आणि अंबाती रायडू त्यात अडकले होते. पण ही चाचणी मुळात फुटबॉलची. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबोनं ती बसवली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद सावकाश चालायचं, की पुढचा बीप. दर टप्प्याला वेग वाढतो. क्रिकेट संघाची तेव्हाची १६.१ ही पातळी म्हणजे एकूण १,१२० मीटर. बँग्सबोच्या मोजणीत अव्वल फुटबॉलपटूंची सरासरी २,४०० मीटरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. आपल्या बोलीत याला दम म्हणतात, पण हा लांब पळायचा दम नव्हे. थांबून, वळून, पुन्हा सुटायचा दम आहे.

याच ठिकाणी जास्तीच्या किलोंचा खरा त्रास कळतो. समजा पोराच्या अंगावर तीन किलो फुकटची चरबी आहे. सामन्यात तो दहा किलोमीटर पळतो. माणसाला पळायला किलोमागं दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे तीन किलोंचा दंड अवघा ३० किलोकॅलरी. भाकरीचा एक तुकडा. मग एवढा गाजावाजा कशाला? कारण फुटबॉलमध्ये सरळ रेषेत पळत नाहीत. सत्तर किलोच्या पोराला तीन किलो जास्त म्हणजे प्रत्येक झेपेला आणि प्रत्येक ब्रेकला चार टक्के जास्तीचं ओझं, आणि सामन्यात असे शेकडो वळसे असतात. शेवटच्या वीस मिनिटांत विंगवरचा पोरगा परत यायला दोन पावलं उशीर करतो, तो उशीर तिथून आलेला असतो. गुडघा आणि मांडीची मागची शीर यांच्या तक्रारीही त्याच वळशांवर सुरू होतात.

म्हणून नुसत्या वजनावरून कुणाला नापास करणं हा अडाणीपणा आहे. दोन पोरं धरा, दोघंही पाच फूट आठ इंच, ६८ किलो. एकाच्या अंगात ९ टक्के चरबी, दुसऱ्याच्या १७. पहिल्याजवळ सहा किलो चरबी आहे, दुसऱ्याजवळ साडेअकरा. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला दुसरा भरलेला वाटेल. ट्रायलला पहिला राहील.

पण माझ्या मते कोल्हापूरच्या पोराची मोठी अडचण लठ्ठपणाची नाहीच; ती कमी स्नायूंची आहे. पेठेच्या फुटबॉलमध्ये सोळा-सतरा वर्षांचा चपळ पोरगा पायाच्या जादूवर चालून जातो. बाहेर गेल्यावर त्याला खांदा लागतो आणि चेंडू जातो. मग सगळे सांगतात, ‘वजन वाढव.’ कसं वाढवायचं ते कुणी सांगत नाही. घर म्हणतं दूध पी. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण हजार किलोकॅलरी आणि साठ-सत्तर ग्रॅम फॅट असतं. पैलवान दिवसभर मेहनत करून ते जिरवतो आणि त्याला मातीत जड अंगाचा फायदाही होतो. आठवड्यातून चार संध्याकाळी खेळणाऱ्या पोराच्या ते पोटावर उतरतं. जिमवाला सांगतो भात बंद कर, प्रोटीन पावडरचा डबा घे. हा सल्ला तर आणखी उलटा आहे. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, म्हणजे युएफानं, नेमलेल्या तज्ज्ञांनी सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामन्याच्या दिवशी किलोमागं ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं सांगितली आहेत. पासष्ट किलोच्या पोराला ती ३९० ग्रॅमपासून पुढं होतात. एवढं ताटात यायला भात, भाकरी, केळं, गूळ सगळं लागतं. प्रथिनं किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम पुरतात, म्हणजे दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम. अंडी, मटकी, डाळ, कोंबडी, दही यांतून ती निघतात. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी खाल्ला म्हणून कुणी बिघडत नाही. बिघडतं ते सकाळी उपाशी, दुपारच्या उन्हात सामना आणि रात्री दोन वेळचं एकदम, या रीतीनं.

डब्यापेक्षा वाईट ते इंजेक्शन. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरायचं औषध. व्यायामशाळांच्या आसपास त्याची चोरटी विक्री चालते, आणि महाराष्ट्रात त्यावर पोलिसांच्या कारवायाही झाल्या आहेत. ते उत्तेजक म्हणून खेळात बंदी असलेलं आहे. त्यानं स्नायू येत नाहीत. थकवा कळेनासा होतो आणि हृदय धोक्यात येतं.

मग वाढीचा प्रश्न. मुलगे साधारण चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्यानं उंच होतात, पण कुणाचं हे बाराव्या वर्षी घडतं, कुणाचं सोळाव्या. चौदा वर्षांखालच्या ट्रायलला लवकर वाढलेला पोरगा बाकीच्यांना ढकलून निवडला जातो आणि चार वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं यावर उपाय म्हणून वयाऐवजी शरीराच्या परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. आपल्याकडं हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतात, ते वयचोरी पकडण्यापुरतं. उशिरा वाढणाऱ्या पोराला वर्षभर थांबायला सांगणारं कुणी नसतं. खरं तर थांबवायची ही अक्कल वस्तादाकडं असायची. कच्च्या पठ्ठ्याला तो मोठ्या जोडीला लावत नसे.

अनिकेत जाधवचं उदाहरण यासाठीच बघावं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा लहानपणीच पुण्याच्या बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून पुणे एफसीच्या अकादमीत आणि मग भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिरात. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीला तो विश्वचषक खेळला, पुढं इंडियन ॲरोज आणि जमशेदपूर एफसीकडून खेळला. त्याचा पाय कोल्हापूरनं दिला, पण अंग घडलं ते वसतिगृहात, ठरलेल्या वेळच्या जेवणावर आणि ठरलेल्या वेळच्या झोपेवर. एवढं होऊनही त्या विश्वचषकात अमेरिकेनं भारताला ३-० आणि घानानं ४-० हरवलं. घानाच्या सामन्यात ताकदीचा फरक बाहेरून बघणाऱ्यालाही दिसत होता. तीन-चार वर्षांच्या शिबिरानं जे पुरं भरून निघत नाही, ते ट्रायलच्या आधीच्या तीन आठवड्यांत कसं निघेल?

आणि अनिकेत ज्या दारांतून गेला तशी बरीच दारं आता बंद आहेत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये गुंडाळला गेला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. लिव्हरपूलच्या नावानं अकादमी चालवणारा डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येईल असे चार पत्ते दहा वर्षांत पुसले गेले. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, पण ती पोरं लहान वयातच उचलते. सतराव्या वर्षी शाहू स्टेडियमवर चमकलेल्या पोराला तिथं जागा नाही.

म्हणजे अंग घडवायचं काम गावातच व्हायला हवं. त्याला वेळ आहे. इथला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. जून ते नोव्हेंबर मैदान थंड असतं. या महिन्यांत बहुतेक पोरं गणपती, नवरात्र आणि दिवाळीत असतात. सराव पूर्ण सुटला की चार आठवड्यांतच दम ओसरायला लागतो, आणि उलट याच काळात स्नायू चढवायची खरी संधी असते: महिन्याला अर्धा किलो, फार तर एक. सहा महिन्यांत तीन-चार किलो घट्ट वजन म्हणजे ट्रायलमधलं आयुष्य बदलतं. साधनंही अवघड नाहीत. बैठका तालमीत आहेतच, फक्त त्या वजन घेऊन आणि मोजून मारायच्या. गुडघ्यावर बसून, घोटे जोडीदारानं धरून पुढं सावकाश झुकायचा नॉर्डिक व्यायाम मांडीच्या मागच्या शिरेच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आणतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप फुकट मिळतो. चरबीचा चिमटा, मैदानावर मांडायचे चार कोन आणि यो-योची ध्वनिफीत यांचा खर्च एका मिरवणुकीच्या फटाक्यांपेक्षा कमी आहे.

पैशाची अडचण नाहीच. नायजेरियाचा खेळाडू हंगामापुरता आणून ठेवायची पेठांची ऐपत सगळ्यांनी पाहिली आहे. अडचण नोंदणीत आहे. खेळाडू हंगामागणिक पेठ बदलू शकतो. यंदा पाटाकडील तर पुढच्या वर्षी दिलबहार. जो पोरगा डिसेंबरात समोरच्या जर्सीत उतरणार, त्याच्या मांडीवर जुलै-ऑगस्टमध्ये कुठली पेठ खर्च करील? वस्तादाला ही भीती नव्हती, कारण पठ्ठा कुठंही लढला तरी नाव तालमीचंच लागायचं. फुटबॉलमध्ये ते लागत नाही. म्हणून पावसाळ्यातली ही मेहनत एकट्या पेठेवर सोडता येणार नाही. ती इथला फुटबॉल चालवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं सगळ्या संघांची मिळून घ्यावी, सोळा ते एकोणीस वयाच्या पोरांपुरती, आणि प्रत्येकाचा चिमट्याचा नि यो-योचा आकडा नोंदणीच्या अर्जालाच जोडावा.