तीन टप्प्यांची शर्यत (भाग ६) : टप्पा बदलताना

गेल्या आठवड्यात सायकलवर दम कसा राखायचा ते पाहिले. आज ट्रायथलॉनमधल्या अशा वेळाकडे वळू, ज्याच्या सरावाला आपल्याकडे सहसा शेवटचा नंबर मिळतो. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंतचा वेळ म्हणजे टी-वन आणि सायकल ठेवून धावायला लागेपर्यंतचा टी-टू. घड्याळ या दोन्ही वेळी चालूच असते.

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा जोनाथन ब्राउनली ठरलेल्या रेषेच्या अलीकडेच सायकलवर चढला. त्याला १५ सेकंदांचा दंड बसला. शर्यत संपली तेव्हा रौप्यपदकविजेत्या हाविएर गोमेझच्या तो अवघा २० सेकंद मागे होता. इतक्या तयारीच्या खेळाडूचे असे होते, तर पहिल्यांदा उतरणाऱ्याने ती रेषा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. दुसरा नियम हेल्मेटचा. पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही आणि सायकल परत अडकवेपर्यंत तो सोडायचा नाही. हे हाताला इतके सवयीचे व्हावे, की डोके गरगरत असतानाही चुकू नये.

आणि डोके गरगरतेच. पोहताना शरीर आडवे असते. एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते. म्हणून शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये पाय थोडे जोरात मारावेत. सांगलीकरांनी हा सराव तलावातच करावा, कृष्णेत नको. मगरींचा धोका खरा आहे. तलावाच्या काठावरून थेट सायकलपर्यंत पळत जायचे, हेल्मेट, चष्मा, बूट, रोज याच क्रमाने. ओल्या पायात मोजे चढत नाहीत, म्हणून ते आधीच गुंडाळून आत पावडर टाकून ठेवावेत. २०१९ साली सुरू झालेली गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पायाची वाळू धुवायला पाण्याची एक बाटलीही ठेवावी.

माझ्या मते खरी कसोटी टी-टूची. तिथे हात कमी आणि पाय जास्त दगा देतात. सायकलवर कंबर वाकलेली असते आणि शरीराचा भार सीटवर असतो. धावू लागताच तो सगळा भार प्रत्येक पावलाला झेलावा लागतो. पाय लाकडासारखे वाटतात ते यामुळे. साताऱ्यात यवतेश्वर घाट उतरून येणाऱ्यांना हे जास्त जाणवते, कारण उतारावर पॅडल थांबते आणि मांड्या आखडतात. पायथा जवळ आला, रस्ता सरळ झाला, की हलका गिअर टाकून पाय फिरते ठेवावेत. सांगली-तासगावसारख्या सपाट रस्त्यावर अडचण उलटी. तासभर एकाच लयीत पॅडल मारून कंबर जखडते. तिथे शेवटचे दोन किलोमीटर हलक्या गिअरवर, मधूनमधून सीटवरून उठून काढावेत. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा हे उजाडल्यावर आणि मोकळ्या रस्त्यावरच.

सायकलला लागूनच धावण्याच्या या सरावाला ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा पुरे. सायकल लावली की लगेच दहा-पंधरा मिनिटे धावायचे. सुरुवातीला पावले आखूड आणि जलद टाकावीत. वेग वाढवण्याची घाई नको. पायांतला जडपणा बहुधा काही मिनिटांत ओसरतो, मग नेहमीची ढांग आपोआप येते.