हिटलर सोलापुरात येतो तेव्हा...

गड्ड्याची जत्रा संपून आठ दिवस झाले होते. दुपारी चटणीसाठी शेंगा भाजत होते. तेवढ्यात आमचे चिरंजीव (इयत्ता नववी) वही घेऊन ओट्यापाशी आले.

"काय लिहायलास रे एवढं?"

"विज्ञानकथा. शाळेत स्पर्धा आहे. वाच की!"

वाचली. सोलापुरातले एक प्राध्यापक कालयंत्र बनवतात. ते १९३८ सालच्या बर्लिनला जातात आणि थेट हिटलरला उचलून नव्या पेठेत आणून सोडतात! मग काय, आठवडाभरात रिक्षा ओळीत उभ्या, रस्त्यावर थुंकणं बंद, चार-चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी रोज सकाळी सहाला. कथा खुसखुशीत होती, मलाही हसू आलं. पण एका वाक्याशी अडखळले. 'त्याने आळशी आणि निकामी लोकांना शहराबाहेर काढले आणि सोलापूर सुंदर झाले.'

संध्याकाळी ह्यांनी वाचली. "वा रे पठ्ठ्या! खरंच आपल्याकडं असाच एक माणूस पाहिजे. चार वर्षं द्या त्याला, सगळ्यांना सरळ करंल."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात कधीतरी ऐकू आलं असेल. लग्नात, रेल्वेत, पानाच्या टपरीवर, कुठंही येतं. हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर आपल्याकडे 'यशस्वी व्हा' छापाच्या पुस्तकांशेजारी सुखानं नांदतं. मुलाला काय बोलणार?

मी काही इतिहासाची शिक्षिका नाही. पण ते 'निकामी' डोक्यातून जाईना. दोन दिवस वाचनालयात जाऊन बसले. मग रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीवांना जवळ बसवलं.

"निकामी म्हणजे कोण रे?"

"म्हणजे... ज्यांचा काही उपयोग नाही ते."

"आणि ते ठरवायचं कुणी?"

"हिटलरनं. त्याची गोष्ट आहे ना!"

तेव्हा त्याला सांगितलं. १४ जुलै १९३३ला, सत्तेवर येऊन सहा महिने होत नाहीत तोच, हिटलरच्या सरकारनं एक कायदा केला. आनुवंशिक आजार असलेल्यांची जबरदस्तीनं नसबंदी करायची. त्या यादीत मिरगी होती, आनुवंशिक आंधळेपण होतं आणि आनुवंशिक बहिरेपणही होतं. त्यासाठी खास न्यायालयं होती. डॉक्टरांनीच आपल्या रुग्णांची नावं कळवायची. अशा सुमारे ४ लाख बायका-पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यात हजारो जीवानिशी गेले. पुढे १९३९पासून तर संस्थांमधल्या अपंगांना आणि मनोरुग्णांना मारूनच टाकू लागले. घरच्यांना पत्र जायचं आणि त्यात मृत्यूचं कारण खोटं लिहिलेलं असायचं. ६० लाख ज्यूंची कत्तल, ती वेगळीच.

'बहिरेपण' म्हटल्यावर त्याची मान वर झाली. समोरच्या खोलीत त्याची आत्या मशीनवर बसली होती. माझी धाकटी नणंद. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, ह्यांच्या एका आत्यालाही येत नव्हतं. ती शाळेचे गणवेश शिवते आणि स्वतःच्या पायावर उभी आहे. चिरंजीवांनी पहिली अक्षरं तिच्याच मांडीवर बसून गिरवली.

तो काही बोलला नाही. पेपर वाचणारे हेही बोलले नाहीत. पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "तरी शिस्त लावली होती म्हणतात."

यावर सासूबाई बोलल्या. "शिस्त बघितलीय की सोलापूरनं!" १२ मे १९३०ला इथं इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. राष्ट्रीय झेंडा घेऊन चालणं गुन्हा झाला, गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवायला लावत. आजेसासऱ्यांची टोपी म्हणे ज्वारीच्या कणगीत लपवली होती. रस्ते तेव्हा फार शिस्तीत होते. आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, पण हे आठवतं कुठं?

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली. त्याच्या कथेतलं साल १९३८. त्याच वर्षी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्यांची सेवा करायला. हा जपान पुढे १९४०च्या करारानं हिटलरचा उघड जोडीदार झाला. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच वारले, अवघ्या ३२व्या वर्षी. म्हणजे प्राध्यापकांनी यंत्र त्या वर्षी पाठवलंच होतं, तर गाठायला आपलाच माणूस होता की!

चिरंजीव हसले. मग मी खरा प्रश्न विचारला. "तुझ्या यंत्राला हिटलरला परत पाठवायचं बटण आहे का?"

"ते... लिहिलंच नाही."

"जर्मनीतही नव्हतं. ३० जानेवारी १९३३ला तो चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेनंच मतदान करून कायदे करायचा अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला. जुलैत बाकी सगळ्या पक्षांवर बंदी आली. चार वर्षं देऊन बघू, म्हणून चालत नाही. चार वर्षांनी परत मागायचं कुणाकडं?"

काळाच्या प्रवासाच्या कथा जुन्याच. एच. जी. वेल्सचं 'टाइम मशीन' १८९५चं. आपल्या जयंत नारळीकरांनी तर गंगाधरपंतांना मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात नेऊन सोडलं. आणि तिमूर व्हेर्मेस या जर्मन लेखकाची कादंबरी आली २०१२मध्ये. तीत हिटलर २०११च्या बर्लिनमध्ये जागा होतो. लोकांना वाटतं, नकलाकार आहे. हसता हसता त्याला टीव्हीवरचा स्टार करून टाकतात. पुस्तकाची किंमत मुद्दाम १९ युरो ३३ सेंट ठेवली होती, १९३३ची आठवण म्हणून. वाचताना मला माझंच दुपारचं हसू आठवलं.

चिरंजीवांनी कथा बदलली. आता हिटलर वही घेऊन आमच्या गल्लीत येतो. नळावर बायकांची रांग असते. "इथे निकामी कोण?" तो विचारतो. बायका एकमेकींकडे बघतात. आत्याच्या दारावर तो थापा मारतो, पण तिला ऐकूच येत नाही, ती आपली शिवत बसते. वही कोरीच राहते आणि प्राध्यापक घाईघाईनं परतीचं बटण दाबतात.

स्पर्धेत नंबर आला नाही. बदलण्याच्या नादात मुदतच टळली होती. मुलगा खट्टू झाला, पण ह्यांनी ती कथा चारदा वाचली आणि न सांगता आपल्या बहिणीला नेऊन दिली. तिनं सावकाश वाचली, डोळे पुसले आणि खुणेनं पुतण्याला दटावलं : शर्टाला सात बटणं असतात, तू पाचच लिहिलीस!

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी 'एक हिटलर पाहिजे' म्हटलं, तर भांडू नका. परतीचं बटण कुठं आहे, तेवढं मात्र जरूर विचारा.