चालताना पोटरी भरून येते? ते केवळ वय नव्हे!

बाजारच्या दिवशी असे दृश्य पुष्कळदा दिसते. पन्नाशी-साठीचा एखादा शेतकरी पिशवी घेऊन चालत येतो. शंभर-दोनशे पावलांवर त्याची पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी दुखते. तो खांबाला टेकून चार-पाच मिनिटे उभा राहतो, दुखणे थांबते आणि तो पुन्हा चालू लागतो. तितकेच अंतर गेल्यावर पुन्हा तेच! कोणी विचारले तर ‘वात आहे’ किंवा ‘वय झाले’ असे उत्तर मिळते.

हे दुखणे डॉक्टरांपर्यंतही सहसा पोचत नाही. कारण अगदी साधे आहे. दवाखान्यात रोगी बाकावर बसलेला असतो, आणि बसल्यावर हे दुखणे नाहीसे होते. मग तो खोकल्याचे सांगतो, पाठीचे सांगतो, पण पायाचे सांगत नाही. म्हणून या रोगाची ओळख आधी गावातच झाली पाहिजे, आणि आज आम्ही या पानावर ती करून देत आहोत.

रोग कसा होतो?

हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिण्या म्हणतात. वय, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व रक्तातील जास्त चरबी यांमुळे त्यांच्या आतल्या बाजूस थर साचतो व वाट अरुंद होते. चारीत गाळ साचला तर तोंडाजवळच्या शेताला पाणी मिळते, पण टोकाचे शेत वाळते. शरीराच्या टोकाचे शेत म्हणजे पाय. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. चालू लागल्यावर स्नायूंना कितीतरी जास्त रक्त हवे असते. ते मिळाले नाही की स्नायू दुखू लागतात. डॉक्टर या रोगाला ‘पेरिफेरल आर्टेरियल डिसीज’, थोडक्यात ‘पीएडी’, म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पायात साचलेला थर बहुधा एकट्या पायात नसतो. हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही तो असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून अशा रोग्याला हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. दुखणारी पोटरी ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचनाच समजावी.

तंबाखूचा वाटा

निपाणीच्या बाजूस विडीच्या तंबाखूवर अनेक घरांच्या चुली पेटल्या आहेत. भावासाठी १९८१ साली तेथील शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन जुन्या मंडळींना आठवत असेल. तंबाखू पिकविणे हा पोटाचा प्रश्न आहे हे आम्ही जाणतो. पण तो ओढणे हा पायाचा प्रश्न आहे, हेही सांगितले पाहिजे. पीएडीच्या कारणांत धूम्रपान अग्रभागी आहे.

तंबाखूमुळे होणारा आणखी एक रोग आहे. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. पन्नाशीच्या आतल्या, विडी ओढणाऱ्या पुरुषांत तो विशेष आढळतो. बोटे काळी पडतात व शेवटी कापावी लागतात. त्यावर खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद करणे. विडी सोडून मशेरी लावली किंवा तंबाखू चघळला तर तो सुटला असे होत नाही. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

दुसऱ्या दुखण्यांपासून फरक

गुडघ्याची झीज असेल तर दुखणे सांध्यात असते, पोटरीत नव्हे. पाठीच्या कण्यात शीर दबली असेल तर नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. फुगलेल्या निळ्या शिरांचे पाय संध्याकाळी जड होतात व वर उचलून ठेवल्यास बरे वाटते. रक्त कमी पोचणारा पाय मात्र वर उचलला की पांढरट पडतो. तो गार लागतो, त्यावरील केस झडतात, त्वचा चकचकीत होते. काहींना, विशेषतः मधुमेह्यांना, दुखणे मुळीच जाणवत नाही. त्यांचा रोग प्रथम न भरणाऱ्या जखमेतूनच कळतो.

तपासणी व उपचार

तपासणी सोपी आहे व तीत सुई टोचावी लागत नाही. दंडाचा व घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडाला १४० व घोट्याला ९८ आला तर उत्तर ०.७ येते. ०.९ किंवा त्याहून कमी उत्तर आले तर रोग आहे असे समजतात. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा फसवू शकतो. तेव्हा डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तंबाखू सोडणे, साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेल्या चरबी कमी करणाऱ्या व रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या नियमित घेणे, आणि चालणे, हे मुख्य उपाय होत. चालण्याचीही रीत आहे. डॉक्टरांची संमती घेऊन, पाय बराच दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे गेल्यावर पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान तीनदा, किमान १२ आठवडे करावे. चालण्याचे अंतर हळूहळू वाढते. ‘पाय दुखतो म्हणून बसून राहा’ हा सल्ला चुकीचा आहे. मात्र पायावर जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. एवढ्याने भागले नाही तर अरुंद नळी फुग्याने रुंद करणे किंवा बाजूने नवी वाट काढणे शक्य असते.

पायांची निगा

१. अनवाणी शेतात जाऊ नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत खडा-काटा आहे का ते पाहावे.
२. रोज पाय धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी व तळवे पाहावेत. दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावेत.
३. भोवरी ब्लेडने कापू नये. बधिर पायाला विटेचा किंवा गरम पाण्याचा शेक देऊ नये. चटका बसलेला कळत नाही व जखम भरत नाही.
४. जखम दोन आठवड्यांत भरली नाही, बोट काळे पडू लागले, किंवा रात्री पाय दुखून तो खाटेखाली लोंबता ठेवावा लागला, तर विलंब न लावता मोठ्या दवाखान्यात जावे.
५. पाय एकाएकी गार, पांढरा व बधिर होऊन असह्य दुखू लागला तर तासांचा हिशेब असतो. सहा तासांच्या आत उपचार मिळाल्यास पाय वाचण्याची आशा अधिक. चोळत बसू नये.

गावात ही माहिती कशी पोचवावी?

रोगाचे इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत व कापलेल्या पायाचे चित्र असा फलक लावून फारसे साधत नाही. नाव कळत नाही आणि चित्र पाहून माणूस आपले दुखणे लपवितो. त्यापेक्षा तीन प्रश्न लिहावेत: चालताना पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखतो काय? थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत दुखणे जाते काय? पुन्हा तितकेच चालल्यावर पुन्हा येते काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांना सांगावे.

हे प्रश्न दूध सोसायटीच्या फळ्यावर लिहिता येतील, बचत गटाच्या बैठकीत व रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखविता येतील, स्थानिक वर्तमानपत्राला पाठविता येतील. जेथे घरची बोली कोंकणी किंवा कानडी, तेथे त्या बोलीत सांगावेत. सोबत जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव व डॉक्टरांचा वार अवश्य द्यावा. कोठे जायचे ते न सांगता दिलेली सूचना अर्धीच राहते. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी विनामूल्य होते. त्याच वेळी पाय दाखवावेत.

ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांना वाचकांनी हे तीन प्रश्न स्वतः विचारावेत, अशी आमची विनंती आहे.